माझ्याआधी पोहोचलेली नऊ माणसं

जानेवारी २०१९. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी अकराच्या सुमारास सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजव्या मनगटावर पडल्या. मी तेव्हा परळला, ऑफिसात. नवरा दुपारपाळीसाठी नुकताच निघालेला, गाडीत, मीरा रोडच्या आसपास. लेक शाळेत. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी पर्स उचलली आणि धावत सुटले. घराच्या दारात पोहोचायला मला १ तास ५० मिनिटं लागली, आणि ती दुपार होती, गाड्या रिकाम्या होत्या.

मी पोहोचेपर्यंत आईंचा हात बांधला गेला होता, एक्स-रे झाला होता, कुणीतरी चहा पाजला होता. लेकीला शाळेतून कुणी आणायचं तेही ठरलं होतं. रात्री मी मोजलं. माझ्याआधी नऊ माणसं तिथे पोहोचली होती.

आमच्या घराचं प्रकरण मी लिहायला घेतलं आहे ते या दोन आकड्यांमुळे, १ तास ५० मिनिटं आणि नऊ माणसं. वसईला घर घ्यावं का, असं विचारणारे फोन मला वर्षातून दोन-तीन तरी येतात. त्यांना फोनवर जे नीट सांगता येत नाही ते इथे सविस्तर सांगते.

वसईला का आलो

आम्ही मूळचे परळचे. चाळीतली १८० चौरस फुटांची पागडीची खोली, तिच्यात चार माणसं. नवरा एका इस्पितळात तंत्रज्ञ, पाळ्यांची नोकरी. मी एका कंपनीच्या हिशेब विभागात, घरापासून चालत बारा मिनिटांवर. २०१२ साली लेक पहिलीत जायची होती. तिला अभ्यासाला कोपरा नव्हता आणि आईंना दुपारी आडवं व्हायला जागा नव्हती. परळमध्ये मोठं घर घेणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं.

शोध पश्चिम रेल्वेवरच होता, कारण दोघांनाही दादर परिसरातच यायचं होतं. बोरिवली हाताबाहेर, मीरा रोड जेमतेम हाताबाहेर. मग खाडीपलीकडे. नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. वसई पश्चिमेला, बाभोळ्याजवळ, २४ बिऱ्हाडांच्या चारमजली इमारतीत ५५० चौरस फुटांचा वन बीएचके २८ लाखांना मिळाला. कर्ज १८ लाख, हप्ता महिन्याला अठरा हजारांच्या आसपास. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र होतं, हे मुद्दाम सांगते. तेव्हा आजूबाजूला बघितलेल्या कितीतरी घरांना ते नव्हतं. एका दलालाने तर "इथे कुणी विचारत नाही" असं सांगून आम्हाला उलट समजावलं होतं. आम्ही विचारलं, म्हणून कर्जही मिळालं आणि झोपही.

पहिल्यांदा घर बघायला आलो तो नोव्हेंबरचा रविवार होता. अंबाडी रोडवरून रिक्षा आत वळली आणि दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मोगऱ्याचे वाफे, कौलारू घरं, एका घरासमोर क्रूस आणि पुढच्या घरासमोर तुळस. संध्याकाळी किल्ल्यात गेलो. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो त्यांच्याकडून घेतला. शाळेत पाठ केलेल्या त्या ओळी आता पडक्या चर्चच्या भिंती आणि त्यांत वाढलेले वड होऊन समोर उभ्या होत्या. तिथून सुरूच्या बागेकडे, समुद्रावर. लेक वाळूत बसली ती उठेना. आई, मालवणाकडच्या, पाण्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. घर त्या दिवशीच ठरलं. व्याजाचा दर दुसऱ्या दिवशी बघितला.

चूक झाली ती इथे. रविवारची वसई बघून आम्ही सोमवारच्या वसईत घर घेतलं.

एकच धागा

वसई उत्तम जोडलेली आहे, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. इथे रेल्वे उशिरा आलेली नाही. विरारहून मुंबईला जाणारी पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ ला धावली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. आज चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, वसई रोड त्यातलं सुमारे ५२ वं. शिवाय जंक्शन, म्हणजे दिव्याला आणि तिथून पनवेलला जाणारी वाट इथूनच फुटते. नकाशावर बघितलं तर आणखी काय हवं?

पण नकाशावर खाडीही असते. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये उल्हास नदीची खाडी समुद्राला मिळते. तिच्यात पाणजू बेट आहे, त्यावरून रेल्वेचे पूल जातात. इथून मोटारीने मुंबईला जायचं तर आधी पूर्वेला महामार्ग गाठायचा, घोडबंदरजवळच्या पुलावरून खाडी ओलांडायची आणि मग पुन्हा पश्चिमेला यायचं. म्हणजे बाभोळ्याहून भाईंदर, जे गाडीने दुसऱ्या स्टेशनावर लागतं, ते रस्त्याने ३५ ते ४० किलोमीटर. वसई जोडलेली आहे ती एका धाग्याने. तो धागा फार मजबूत आहे, रोज लाखो माणसं ओढतो, पण एकच आहे.

हे मला आधी कळलं ते १० जुलै २०१८ ला. आदल्या दिवसापासून पाऊस थांबला नव्हता. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, भाईंदरच्या पुढे गाड्या बंद. रात्रपाळी संपवून निघालेला नवरा बोरिवलीला अडकला, नणंदेकडे गेला. इकडे आमच्या इमारतीच्या वाहनतळात मांडीभर पाणी, मीटरची खोली बुडालेली, दोन दिवस वीज नाही. पंप बंद म्हणून वरच्या टाकीतही पाणी नाही. बाहेर कंबरभर आणि नळाला थेंब नाही, असे ते दोन दिवस. त्याच पुरात वसईच्या मिठागरांत कितीतरी माणसं अडकली होती, रुळांवर थांबलेल्या एक्स्प्रेसमधून प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. नंतर आयआयटी आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. आमच्यापुरतं सांगायचं तर पाणी साचलं त्या सखल भागांत पूर्वी शेतं, मिठागरं आणि पाणी मुरायच्या जागा होत्या. तिथे भराव टाकून इमारती झाल्या, आणि त्यांतल्याच एखाद्या भरावावर माझंही घर असेल, हे मला माहीत आहे.

दुसऱ्यांदा कळलं ते टाळेबंदीत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. नवरा इस्पितळातला, त्याला जावंच लागे. एसटीने, महामार्गावरून, एका बाजूला तीन-तीन तास. जूनच्या मध्यावर अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या तेव्हा तो घरी येऊन फक्त इतकंच म्हणाला, "आज उजेडात आलो."

वहीतले आकडे

आता पुन्हा मागे जाते, कारण प्रकरणाचा गाभा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आहे. चिडचिड इतकी वाढली होती की घरात माझ्याशी बोलायला लेक घाबरायची. ती तेव्हा ११ वर्षांची. एका संध्याकाळी तिने आजीला हळूच विचारलेलं मी ऐकलं, "आई आज बसून आली का उभी?" माझ्या मनःस्थितीचा अंदाज बांधायची ती तिची पद्धत होती.

मी हिशेब विभागातली बाई. मी वही घातली. महिनाभर, २२ कामाचे दिवस, ४४ फेऱ्या. घर सोडलं किती वाजता, रिक्षा मिळाली किती वाजता, फलाटावर किती वेळ, किती गाड्या सोडल्या, गाडीत किती वेळ, बसायला मिळालं का, उतरल्यावर किती वेळ.

सरासरी अशी निघाली. घराबाहेर १२ तास ३५ मिनिटं. त्यात ऑफिस साडेआठ तास. उरले ४ तास ५ मिनिटं, म्हणजे २४५ मिनिटं. यातली प्रत्यक्ष चालत्या गाडीतली फक्त ११६. बाकी १२९ मिनिटं गाडीबाहेरची: बाभोळ्याहून स्टेशनपर्यंत, सकाळी चढता न आल्यामुळे सोडलेल्या गाड्या, दादरचा पूल, दादर ते परळ, आणि संध्याकाळी वसईला उतरल्यावर शेअर रिक्षाची रांग. ४४ पैकी ९ फेऱ्यांत बसायला मिळालं.

हा आकडा बघून मी बराच वेळ तशीच बसले. सहा वर्षं मी विरार लोकलला शिव्या देत होते. गाडी तर आपलं काम चोख करत होती. माझा निम्म्याहून जास्त वेळ गाडीच्या दोन टोकांना गळत होता.

गर्दीबद्दल दोन शब्द, कारण बाहेरच्यांना त्याचं गणित कळत नाही. सकाळी गाडी विरारला भरते, नालासोपाऱ्याला ठासते आणि वसईला येते तेव्हा दारात पाय ठेवायला जागा शोधावी लागते. एप्रिल २०१३ पासून डहाणूहूनही लोकल येऊ लागल्या, त्या आमच्यापर्यंत भरूनच येतात. म्हणून कित्येक जण वसईहून आधी उलट विरारला जातात आणि तिथून बसून येतात. अर्धा-पाऊण तास जास्त देऊन बैठक विकत घ्यायची. संध्याकाळी वसईला उतरायचं तर मीरा रोडपासूनच दाराकडे सरकायला लागायचं. पण याच डब्यात मी भाजी निवडायला शिकले, याच डब्यात दसऱ्याला आंब्याची पानं बांधली, आणि लेकीच्या तापाचं निदान डब्यातल्या एका परिचारिकेने फोनवर ऐकून केलं. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर बायकांची पहिली खास गाडी निघाली आणि वर्षभरात ती विरारपर्यंत आली. ज्यांनी ती मागितली आणि मिळवली त्या बायकांचे आमच्यावर उपकार आहेत. मी ती गाडी मिळेल त्या दिवशी माणसात असायचे.

मग पडझड

वही भरून तीन महिने होतात तोवर आई पडल्या.

तोपर्यंत आमचं घर चालत होतं ते त्यांच्यावर. लेकीला शाळेतून आणणं, तिला खाऊ घालणं, गॅसवाल्याला दार उघडणं, पाण्याची वेळ सांभाळणं. आमचं "कुटुंबासाठी चांगलं उपनगर" एका ६८ वर्षांच्या बाईच्या दोन हातांवर उभं होतं आणि त्यातला एक हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. मी दहा दिवस रजा घेतली, नवऱ्याने पाळ्या बदलून घेतल्या, आणि त्या दहा दिवसांत मी ठरवलं की हे घर विकायचं. गोरेगावला भाड्याने राहायचं, २८,००० भाडं, इथल्या विक्रीतून कर्ज फेडून उरतील ते बँकेत. दिवसाकाठी माझा दीड तास वाचेल, काही झालं तर पाऊण तासात घरी पोहोचेन.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. ४२ लाख. त्याने ५१,००० बयाणा दिला. मी घेतला.

आईंना सांगितलं तेव्हा त्या प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी आता खंयच जावचंय नाय." मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. रागही आला. मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी गप्प झाले. त्या म्हणाल्या, गोरेगावला तू पाऊण तासात येशील, पण तो पाऊण तास मी कुणाबरोबर काढू?

तेव्हा मी ती नऊ माणसं एकेक करून आठवली. तळमजल्यावरची शेजारीण, जिने पडल्याचा आवाज ऐकला. तिची सून. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, ज्यांच्याकडे आमची जादा किल्ली होती. रोज दारावर भाजी आणणाऱ्या वाडीतल्या काकू; त्या टोपली तिथेच जिन्यात ठेवून बरोबर दवाखान्यात गेल्या. त्यांचा मुलगा, ज्याने टेम्पो काढला. इस्त्रीवाला. लेकीच्या मैत्रिणीची आई. चर्चच्या बाजूच्या गल्लीतल्या दोघी, ज्यांच्याबरोबर आई संध्याकाळी बाकावर बसतात. त्या आपसात त्यांची कुपारी बोली बोलतात, आई मालवणी, आणि तिघींचं व्यवस्थित चालतं.

सहा वर्षं मी या घरात फक्त झोपायला येत होते. आई इथे राहत होत्या. हे जे नातं तयार झालं होतं ते त्यांनी केलं होतं, पाण्याच्या वेळा, भाजीचे भाव आणि गुडघ्याचं तेल यांच्या आधाराने. गोरेगावला जाऊन मी माझा वेळ वाचवला असता आणि त्यांची माणसं मोडली असती.

त्याच वेळी दुसरंही दिसलं आणि ते लिहिल्याशिवाय हे प्रकरण प्रामाणिक होणार नाही. नऊपैकी सहा बायका होत्या आणि त्या धावून येऊ शकल्या कारण सकाळी अकराला त्या घरी होत्या. उपनगरातलं "घरपण" म्हणतात ते दिवसा घरी असलेल्या माणसांच्या, बहुतेक बायकांच्या, बिनपगारी वेळेवर उभं असतं. फ्लॅटच्या किमतीत तो वेळ कुठेच धरलेला नसतो. मी दुसऱ्यांच्या त्या वेळेवर जगत होते आणि परत काही देत नव्हते.

बयाणा परत केला. दलालाने महिनाभर तोंड फिरवलं.

काय बदललं

आता प्रश्न असा उरला की घर इथेच, तर मग काय हलवायचं? वहीत उत्तर होतं. गाडीच्या दोन टोकांची १२९ मिनिटं.

पहिलं टोक वसईचं. मार्च २०१९ मध्ये मी चाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकले. स्टेशनजवळ गाडी ठेवायची महिन्याची जागा घेतली. शेअर रिक्षाची रांग संपली.

दुसरं टोक परळचं. कंपनीचं एक ऑफिस अंधेरीला होतं, तिथे बदली मागितली. साहेबांनी समजावलं की मुख्य कार्यालय सोडलंत तर बढती लांबेल. लांबली, तीन वर्षं. महिन्याचा २,५०० रुपयांचा भत्ताही गेला. मला ते जड गेलं, अजूनही एखाद्या दिवशी जातं. पण जूनमध्ये मी पुन्हा महिनाभर वही ठेवली. घराबाहेर ११ तास १० मिनिटं. प्रवास २४५ वरून १६० मिनिटांवर. रोजची ८५ मिनिटं, महिन्याच्या २२ दिवसांचे ३१ तास. घर तेच, स्टेशन तेच, लोकल तीच.

तिसरं नवऱ्याने केलं. रात्रपाळ्या वाढवून घेतल्या, दुपारपाळ्या सोडल्या, म्हणजे लेक शाळेतून येताना तो घरी. स्वयंपाक तो आधी करत नसे, शिकला. त्याची पोळी अजून नकाशासारखी होते, भाजी माझ्यापेक्षा चांगली. याबद्दल मी त्याचं इथे सगळ्यांसमोर कौतुक करते, कारण आमच्या इमारतीत असं करणारा तो पहिला होता आणि त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

पाण्याचं ऋण

एक गोष्ट मात्र आमच्या हिशेबाबाहेरची आहे आणि ती मला सलते.

आलो तेव्हा सोसायटीच्या देखभाल खर्चातला मोठा वाटा टँकरवर जायचा. नळ एक दिवसाआड, तोही तासभर. टँकर कुठून येतो हे मी पहिली दोन वर्षं विचारलंच नाही. भाजीवाल्या काकूंनी सांगितलं. याच पट्ट्यातल्या विहिरींतून. त्यांच्या वाडीशेजारच्या विहिरीवर रात्रंदिवस पंप चालले आणि त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. समुद्र जवळ असला की गोडं पाणी जास्त उपसलं तर खारं आत येतं. त्यांची पानवेल गेली, केळी खुरटली. वसईची केळी, ती उन्हात वाळवून केलेली सुकेळी, दादरच्या बाजारात जाणारी इथली भाजी, फुलं, सगळं या रेताड जमिनीतल्या गोड्या पाण्यावर उभं होतं. ते पाणी मुरावं म्हणून जुन्या माणसांनी वाडीवाडीत बावखलं राखली होती. पावसाने भरणारी, उन्हाळाभर जमीन ओली ठेवणारी तळी. त्यांतली कितीतरी बुजवली गेली आणि त्यांच्यावर पत्ते तयार झाले.

याविरुद्ध इथल्या माणसांनी आवाज उठवला होता, आम्ही येण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी. हरित वसईचं आंदोलन, त्यात पुढे असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, टँकरला आणि बेछूट बांधकामाला विरोध करणारे शेतकरी. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर बोलले तेव्हा आमच्या घरी दूरदर्शनसमोर आई, मी आणि भाजीवाल्या काकू एकत्र बसलो होतो. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. २५ जुलै २०२४ ला फादर गेले.

२००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली तेव्हा कित्येक गावांनी विरोध केला. मुंबईत बसून मला तो अडाणीपणा वाटला होता. २०११ च्या जनगणनेत इथे १२ लाख २२ हजार माणसं मोजली गेली, त्यानंतर आम्ही आलो. आता कळतं, गावं काय राखू बघत होती. सूर्या प्रकल्पाचं, धामणी धरणाचं वाढीव पाणी २०२३ च्या अखेरीपासून येऊ लागलं आणि आमचा टँकर जवळजवळ बंद झाला. चांगलं झालं. पण ते पाणीही पालघरच्या आदिवासी शेतांच्या उशाचं आहे, हे विसरून नळ उघडता येत नाही.

सोसायटीत मी एवढंच करू शकले: गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची सोय. तीन सभा लागल्या. गेल्या दोन पावसाळ्यांत ती चालू आहे. आणि गावातल्या तरुणांनी बावखलं साफ करायचं काम काढलं त्या दोन रविवारी मी नि लेक गाळ काढायला गेलो होतो. फार नाही केलं. सुरुवात केली.

आजची स्थिती

फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते, स्कूटरसकट. रोजच्या नोकरीला मी ती वापरत नाही, पण गाड्या बंद पडल्या तर खाडी ओलांडायची दुसरी वाट आहे, हे मनाला फार मोठं आहे. खाडीवर रस्त्याचा पूल आणि बोरिवली ते विरार पाचवी-सहावी मार्गिका यांची आम्ही वाट बघतो आहोत.

घर घेऊ बघणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. रविवारी येऊ नका. जुलैतल्या मंगळवारी सकाळी साडेसातला वसईच्या फलाटावर या, दादरला जा, संध्याकाळी सहाला निघून परत या, मग घर बघा. आणि घरात कोण किती मिनिटं भरणार आहे ते सगळ्यांनी बसून कागदावर मांडा. आमच्याकडे पहिली सहा वर्षं सगळी मिनिटं मी भरली, सगळी कामं आईंनी, आणि दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही.

लेक आता १८ वर्षांची आहे. माटुंग्याच्या महाविद्यालयात जाते. वसतिगृहाचा पर्याय तिच्यापुढे ठेवला होता, तिने गाडी निवडली. सहा वीसला माझ्या स्कूटरवरून स्टेशनला जातो. तिचा डब्यातला गट तयार झाला आहे. नवरात्रीत कोणत्या दिवशी कोणता रंग, हे मला तिच्याकडून कळतं.

आई ७४ वर्षांच्या आहेत. मनगट पावसाळ्यात दुखतं. बाकावरच्या तिघींपैकी एक गेली, दुसरीचा मुलगा कॅनडाला आहे आणि तिला तिथे घेऊन जाण्याचं चाललं आहे. इस्त्रीवाल्याने दुकान विरारला हलवलं. लेकीच्या मैत्रिणीची आई आता नोकरी करते, अंधेरीलाच, आम्ही कधी कधी एका डब्यात असतो. ती नऊ माणसं मी मधूनमधून मोजत असते.

टाळेबंदीनंतर माझ्या ऑफिसने आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं, सोमवार आणि बुधवार. गेल्या वर्षी श्रावणात वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात कोसळले. साखर उतरली होती. आवाज आला तेव्हा मी लॅपटॉपसमोर होते. धावले. तळमजल्यावरची शेजारीण, तिची सून आणि भाजीवाल्या काकू आधीच तिथे होत्या. मी चौथी. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, काकूंनी टोपलीतलं केळं कुस्करून भरवलं, सून रिक्षा आणायला पळाली.

तो बुधवार होता. गुरुवार असता तर मी अंधेरीला असते.